रौनच्या जाळ्यातला तांडेल

"खलास," म्हणत लाँच कंपनीच्या एजंटने दोन्ही तळवे झटकले आणि तो गाडीत जाऊन बसला.

गाडीने उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत इस्मत दाराच्या फटीतून बघत राहिली. आत तिची आई, हफीजा, भिंतीला टेकून बसली होती. इस्मतचे अब्बा, जमालुद्दीन तांडेल, लाँच घेऊन दम्मामच्या बंदराबाहेर गेले त्याला तीन दिवस झाले होते. लाँचवर माणसं दोनच: सुकाणूवर तांडेल म्हणून अब्बा आणि इंजिनावर गुहागरचे गुणाजीकाका. काम रोजचंच. तेलाच्या पैशाने त्या वर्षी साऱ्या मुलुखात बांधकामं निघाली होती, जगभरातून सिमेंट येत होतं, आणि धक्क्यावर जागा नाही म्हणून जहाजं महिनोन्‌महिने बाहेर नांगर टाकून उभी होती. दिवेलागणीला किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्रात एक दुसरं शहर वसलंय असं वाटे. त्या शहराला प्यायचं पाणी, भाजी आणि टपाल पोचवायचं ते अब्बांच्या लाँचने. रमजानचा महिना होता, ऑगस्टचा उकाडा होता, वाऱ्याचं नाव नव्हतं आणि समुद्र बशीतल्या चहासारखा पडून होता. अशा पाण्यात लाँच बुडतेच कशी, हे तीन दिवसांत एकालाही सांगता आलं नव्हतं.

धूळ बसली तेव्हा इस्मतला दिसलं, की एजंटबरोबर आलेला दुसरा माणूस गेलेलाच नाही. फाटकाशी एक उंच म्हातारा गोरा उभा होता. पांढरी दाढी, उन्हाने सोललेलं नाक, हातात टोपी. हिंदी खलाशांबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाचं असतं तसलं त्याचं हिंदी होतं.

"तुम तांडेल का बेटी?"

"जी." इस्मतने ओढणी नीट केली. ती सोळा वर्षांची होती आणि तीन दिवसांत धड झोपली नव्हती.

"मैं थोर्वाल. नॉर्वे का जहाज. तुमारा बाप मेरे को पानी देता था." त्याने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "वो मरा नहीं. बुड्ढी के घर में बैठा है."

"कौन बुड्ढी?"

थोर्वाल उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला आणि त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या थंड मुलखात समुद्राची एक मालकीण आहे. तिचं नाव रौन. तिचा नवरा प्रचंड हंड्यात बिअर गाळतो, तिच्या नऊ मुली लाटा होऊन हिंडतात, आणि ती स्वतः जाळं टाकून दर्यावरची माणसं धरते. धरून ती मारत नाही, तिला पंगतीला माणसं हवी असतात. पण जिथे जहाजं तिथे ती, आणि इतकी जहाजं एका जागी उभी राहिलेली तिने हजार वर्षांत पाहिली नव्हती. त्यांच्या वासावर ती थेट या गरम आखातात येऊन पोचली होती. त्या दिवशी थोर्वाल आपल्या जहाजाच्या कठड्याशी उभा होता. एवढा शांत समुद्र, त्यातून दाराएवढ्या भोकांचं एक जाळं वर आलं, आणि पदरात पेरू घ्यावेत तशी अब्बांची लाँच उचलून खाली घेऊन गेलं.

"उसका कानून है," थोर्वाल म्हणाला. तिच्या घरचं जो पितो तो जमीन विसरतो आणि कायमचा तिचा होतो. जो पीत नाही तो पाहुणा. पाहुण्याला न्यायला त्याच्या घरचं माणूस आलं, तर रौनला त्याला सोडावं लागतं.

इस्मत ताडकन उभी राहिली. "अब्बांचा रोजा आहे! सूरज डूबने तक वो पानी नहीं पीते."

"समंदर के नीचे," थोर्वाल सावकाश म्हणाला, "सूरज किधर डूबता है?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग म्हाताऱ्याने मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली, की शेजारच्या घराच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "मतलब अभी तक नहीं पिया! बुड्ढी पागल हो गई होगी!"

"मग तुम्ही का नाही गेलात?" इस्मत घाईघाईत मराठीतच बोलून गेली, पण त्याला बरोबर कळलं.

"मैं उसके घर का आदमी नहीं. और मेरे को कोई ग्लास देगा," त्याने कान पकडले, "तो मैं ना नहीं बोलता. लेकिन तीन दिन की प्यास, बेटी. आदमी कितना रुकेगा?"

हफीजा आतून केव्हा येऊन उभी राहिली होती ते इस्मतला कळलंच नाही. आई आता रडेल, नाहीतर म्हाताऱ्याला हाकलून देईल असं तिला वाटलं. हफीजाने थोर्वालकडे बघितलंही नाही.

"तीन दिवस बायका येतायत आणि अल्लाची मर्जी म्हणतायत," ती म्हणाली. "तो बसलाय असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. जा तू."

"आई, मी एकटी?"

"मग काय मी जाऊ? मला बोटीत उलटी होते." तिचा आवाज तेवढ्यापुरता फाटला आणि पुन्हा सरळ झाला. "जा, इस्मत."

*

खजुराच्या वाडीमागे, जिथे कोणी फिरकत नाही अशा किनाऱ्यावर, थोर्वालने खिशातून रुमालाएवढं एक कापड काढलं. त्याला ग्रीसचे डाग होते. त्याने एक घडी उलगडली, मग दुसरी. तिसऱ्या घडीला कापडातून लाकूड कुरकुरल्याचा आवाज आला. घड्या संपता संपत नव्हत्या. शेवटी वाळूवर एक खरीखुरी बोट उभी होती, पुढच्या टोकाला, नाळेशी, उंच, मधे अरुंद, आणि तिचं चौकोनी शीड त्या वारा पडलेल्या दुपारीही टम्म फुगलं होतं.

"हवा इसके साथ चलती है. जिधर बोलो, उधर जाती है. ऊपर, नीचे, सब जगह," थोर्वालने सांगितलं. "उतरोगी तो बाँध के रखना. नहीं तो ये अकेली घर वापस आती है."

जयगडच्या खाडीत अब्बांनी इस्मतला सुकाणू धरायला शिकवलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. दम्मामला आल्यापासून तिने बोटीला हातही लावला नव्हता, इथे पोरींचं ते काम नव्हतं. तिने सलवारचे पायचे वर खोचले, उडी मारली आणि सुकाणू धरलं. ते तिच्या मुठीत जिवंत कोंबडीसारखं धडपडलं.

"चल!" ती म्हणाली.

आणि बोट सुटली. एवढ्या वेगाने, की इस्मत पाठीवर पडली आणि पडल्या पडल्याच तिला हसू फुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. गंजलेल्या जहाजांच्या भिंती दोन्ही बाजूंनी सपासप मागे पडत होत्या. कठड्यांवर बनियनमध्ये बसलेले ग्रीक, कोरियन, पाकिस्तानी खलाशी उठून उभे राहिले. ओढणी बांधलेली एक पोरगी, वारा नसलेल्या समुद्रावर, मोटारीसारखी बोट हाकत चालली होती. कोणी शिट्टी घातली, कोणी हात जोडले, एका स्वयंपाक्याच्या हातून कांद्यांची टोपली खाली पाण्यात पडली.

शेवटचं जहाज मागे पडल्यावर इस्मतने डोळे मिटले. "बिस्मिल्ला. आता खाली."

बोटीने डोकं खाली घातलं.

पाणी वर मिटलं, पण आत आलं नाही. शिडाखाली हवा तशीच राहिली. उजेड आधी हिरवा झाला, मग निळा. एक समुद्रगाय गवत चरता चरता थांबली आणि म्हैस बघते तशी बघत राहिली. आणखी खाली गेल्यावर बोट अचानक हलायला लागली. तळातून पाण्याचा एक जाड झोत उकळल्यासारखा वर येत होता आणि बोट त्यातून चालली होती. तुषार इस्मतच्या ओठांवर उडाले. रोजा होता म्हणून तिने ते लगेच थुंकून टाकले, पण चव कळायची ती कळलीच. पाणी गोड होतं.

शेजारच्या मासूमाखाला सांगायच्या ते हेच. त्या जवळच्या कतीफ गावच्या, त्यांचे आजोबा मोती काढणारे पाणबुडे. ते बुडी मारून समुद्राच्या तळाशी कातडी पखाली गोड्या पाण्याने भरून आणत. वाळवंटात कोण जाणे किती जुन्या काळी पाऊस पडला, तो जमिनीच्या पोटातून वाहत वाहत इथे समुद्राखाली फुटतो, असं मासूमाखाला म्हणत, आणि इस्मत मान डोलवून सोडून देत असे.

झोत मागे पडला. खाली सोनेरी उजेड दिसायला लागला. तेलविहिरींवर गॅस जळतो तसलाच, पण न हलणारा. उलट्या ठेवलेल्या जहाजांचं छप्पर, नांगरांचे खांब, आणि दारात ढिगाने सोनं, ज्याचा तो उजेड पडत होता. आत कित्येक माणसांच्या गाण्याचा आवाज.

बोट बांधायला जवळपास ना खांब होता ना कडी. मात्र वाळूतून एक जाड काळी पाईपलाईन गेली होती. या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पाईपलाईन दिसली म्हणजे त्यात विशेष काही वाटत नाही. इस्मतने तिला दोराचे दोन वेढे घातले, गाठ आवळली आणि ती दाराकडे धावली.

*

आतली बाकं नजर पोचेल तिथवर गेली होती. त्यांवर नाकाला हाडाचा चिमटा लावलेले पाणबुडे होते, लोकरी टोप्या घातलेले गोरे होते, फार जुन्या तऱ्हेचे अंगरखे घातलेली माणसं होती. सगळे हसत होते. पेले आपोआप भरत होते.

"पोरी, आज वार कोणता?" एकाने आनंदाने विचारलं.

"गुरुवार," इस्मत म्हणाली.

"वा," तो म्हणाला, आणि पुन्हा तितक्याच आनंदाने विचारलं, "आज वार कोणता?"

ती पळत सुटली. शेवटच्या बाकाच्या टोकाला दोन माणसं सरळ पाठीने बसली होती. गाणं म्हणत नव्हती. त्यांच्यासमोर दोन पेले काठोकाठ भरलेले होते.

"अब्बा!"

जमालुद्दीन तांडेलनी मान वळवली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण डोळे त्यांचेच होते.

"तू इथे? आईला सांगून आलीस का?"

"तिनेच पाठवलं."

"मग ठीक," ते म्हणाले. त्यांनी नुसता तिचा हात धरला आणि दाबून ठेवला.

"सांगत होतो की नाही, जमालभाई?" गुणाजीकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भाबी कुणाला तरी पाठवणार. मला वाटलं पोलीस येतील. ही आली, बेस झालं."

"शेवटी कोणीतरी आलं एकदाचं!" आवाज वरून आला. बाकाच्या पलीकडे, एवढा वेळ इस्मतला जो खडक वाटला होता तो उठून बसला. राखी केस, पिंपाएवढे खांदे, मांडीवर जाळ्याचा ढीग, आणि फाटक्या जागी गाठ मारत असलेली बोटं. रौन. "या माणसाला जरा समजाव. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या हातची बिअर दिली, म्हणे आमच्यात चालत नाही. बरं म्हटलं. बाहेरच्या झऱ्यातलं गोडं पाणी आणवलं. म्हणे सूर्य मावळू दे! माझ्या घरात आजवर सूर्य मावळलेला नाही. आणि हा दुसरा. याला बिअर चालते, तोंडाने सांगतो चालते. पण घेत नाही! मग त्याच्यापुढेही तेच पाणी ठेवलं."

इस्मतचं लक्ष अब्बांच्या ओठांकडे होतं. खालच्या ओठाला भेग पडून तिच्यात रक्त सुकलं होतं. घरी रोजा सुटायच्या वेळी ती सगळ्यांत आधी त्यांच्या हातात पाणी द्यायची. तीच सवय तिच्या तोंडून बोलली.

"अब्बा, वर तीनदा सूर्य मावळला, तीनदा मगरीब झाली! आणि मुसाफिराला रोजा माफ असतो, तुम्हीच सांगता ना?"

बोलून झालं आणि तिने जीभ चावली.

"तीनदा?" अब्बा म्हणाले.

"तीनदा!" रौनने जाळं बाजूला फेकलं. तिचे डोळे चमकायला लागले. "ऐकलंत? घरचंच माणूस सांगतंय. घ्या!"

अब्बांनी पेला उचलला, पण रोजा सोडण्याआधीची दुआ म्हणायला ते क्षणभर थांबले. तेवढ्यात इस्मतने झडप घालून तो पेला हिसकावला आणि भिंतीवर फेकला. गुणाजीकाकांना कुठलीच दुआ म्हणायची नव्हती. तांडेलाचा रोजा सुटला एवढं त्यांनी ऐकलं आणि घटाघटा सगळा पेला रिकामा केला.

हॉलभर गाणं थांबलं.

"काका!" तिने पेला हिसकावला तो एकच. दोन का नाही?

"हा माझा," रौन मऊपणाने म्हणाली. "तू तुझ्या बापाला घेऊन जा. नियम तो नियम."

"मी नाही जात," अब्बा म्हणाले. ते पुन्हा बाकावर बसले. "लाँच माझी होती. माझा माणूस इथे ठेवून मी वर जाणार नाही. इस्मत, तू परत जा."

"अब्बा!"

"मी तांडेल आहे, पोरी."

इस्मतला ओरडावंसं वाटलं, की तुम्ही माझे अब्बा आहात, तांडेल नंतर. पण त्यांचा चेहरा तिच्या ओळखीचा होता. हा चेहरा आई रडली तरी बदलायचा नाही. तिने तो सोडून गुणाजीकाकांकडे बघितलं, आता ते हसतील, गायला लागतील म्हणून.

गुणाजीकाकांनी बाहीला तोंड पुसलं. "असे काय बघताय सगळे? मी मेलो काय?"

इस्मत पुढे झाली. "काका, तुमचं गाव कुठलं?"

"गुहागर. वरचा पाट. आता काय माझा पासपोर्ट बघणार?"

"काकीचं नाव?"

"नावाने हाक मारत नाही मी तिला," काका लाजले. "पण आठवतंय चांगलं."

बाकांवर कुजबुज झाली. रौनने कपाळाला आठी घालून रिकामा पेला उचलला, उलटा केला, हुंगला.

"यांना काहीच झालं नाही!" इस्मतचा आवाज चढला. "कारण हे पाणी तुझं नाहीच! ते जमिनीचं आहे. वाळवंटात पडलेला पाऊस आहे तो. फक्त तुझ्या तळातून वर येतो. तू जमिनीचं पाणी पाजून माणसाला जमीन विसरायला लावतेस?"

"माझ्या पेल्यातून प्यायला तो."

"मग पेला परत घे! पेला कुठे कोण घेऊन चाललंय?"

गुणाजीकाकांना खोकल्यासारखं हसू आलं. रौनने पेल्याच्या तळाशी उरलेला थेंब बोटावर घेतला आणि चाखला. जन्मात पहिल्यांदा मिठाशिवायचं पाणी तिच्या जिभेवर पडलं असावं. तिचं तोंड औषध प्यालेल्या पोरासारखं झालं.

"शी," ती म्हणाली. मग पुढे वाकली, आणि तिचा चेहरा घराच्या दारासारखा इस्मतसमोर आला. "बरं. तो माझा नाही. पाहुणा आहे. पण पाहुण्याला घरचं माणूस लागतं. तू त्याची कोण? त्याचं घर म्हणे कुठल्या पाटात आहे."

"मी..." इस्मत अडखळली. रक्ताचं नातं नव्हतं. गाव वेगळं, देव वेगळा. पण तिला एक गोष्ट खटकत होती, आल्यापासून खटकत होती, आणि रौन स्वतःच ती मघाशी बोलून गेली होती. "काका, तुमचा तर रोजा नव्हता. तुम्हाला बिअर चालते. तीन दिवस तुम्ही का नाही प्यालात?"

गुणाजीकाकांना प्रश्नच कळेना. "असं कसं? रमजानात तांडेलाने रोजा सोडल्याशिवाय लाँचवर स्टोव्ह पेटत नाही. पहिल्या वर्षापासूनचं आहे ते. हा समोर कोरडा बसलेला, आणि मी एकटा ढोसू?" त्यांनी जमालुद्दीनकडे बघितलं. "आणि माझ्या संकष्टीला हा चंद्र उगवेपर्यंत जेवत नाही. मी सांगून दमलो, ऐकतो कुठे?"

"त्यात काय," अब्बा पुटपुटले. "एकाने जेवायचं आणि एकाने बघायचं, बरं दिसतं का?"

इस्मत रौनकडे वळली. "हे तू तीन दिवस तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. पाहुणे असं करतात का एकमेकांसाठी? असं घरात करतात. ते आमच्या घरचे आहेत. मी दोघांना न्यायला आलेय."

रौनने फेकलेलं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. तिने दाराकडे बघितलं, जिथे तिच्या नऊ मुली एकमेकींवर कलंडत, फेस उडवत, आत काय चाललंय ते बघायला जमल्या होत्या.

"नऊ पोरी," ती म्हणाली. "एक म्हणून माझ्यासाठी जेवायची थांबत नाही."

आणि ती हसली. छपराच्या जहाजांचा गंज झडून खाली पडला. "जा! घेऊन जा दोघांना! पण पोरी, एक ऐकून ठेव. मी जाळं दुरुस्त करतेय ते उगाच नाही. ते मी परत टाकणार. याच्यावर, त्याच्यावर, तुझ्यावरही. आजचा दिवस तुझा."

"परत कधी?" इस्मतच्या तोंडून निघालं.

"ते सांगायचं तर आत्ताच टाकावं लागेल."

इस्मतने एका हाताने अब्बांना धरलं, दुसऱ्याने काकांना.

"आणि पळा," रौन मागून ओरडली. "माझ्या मुलींना नियम-बियम कळत नाहीत!"

*

ते दाराबाहेर पडले तेव्हा मागे नऊ आवाज एकदम खिदळले. बोट शीड फडफडवत उभी होती. गुणाजीकाका दोर सोडायला वाकले आणि तिथेच थबकले.

"पाईपलाईनला दोर बांधलास? अगं, लाँचवर पाऊल ठेवणाऱ्याला पहिली ताकीद काय देतो आपण? पाईपला हात लावायचा नाही!"

"गुणाजी," अब्बा हळूच म्हणाले, "ती पाईपलाईन श्वास घेतेय."

वाळूतून एक डोळा उघडला. ट्रकच्या चाकाएवढा, पिवळा. थोर्वालच्या मुलखातला साऱ्या पृथ्वीला वेढा घालून बसणारा साप त्या डोळ्यातून आधी दोराकडे बघत होता, मग इस्मतकडे. गळ्यात दोर बांधायची हिंमत त्याच्या साऱ्या जन्मात कोणी केली नव्हती. तो रागावला की दचकला, हे तिला कधीच कळलं नाही. तो निघाला.

"बोटीत!" इस्मत किंचाळली.

तिघं बोटीत आदळले आणि बोट दोरासकट उचलली गेली. समुद्राचा तळ खाली धावायला लागला. प्रवाळ, वाळू, एका बुडालेल्या जहाजाची डोलकाठी, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. मागून नऊ लाटा हात पसरून येत होत्या, एकमेकींना ढकलत, ओरडत, "मला! मला!" एकीची बोटं मागच्या फळीला लागली आणि फळीचा तुकडा तिच्या हातात गेला.

अब्बांनी कमरेचा सुरा काढून दोराला लावला.

"थांबा!" इस्मत सुकाणूवर सगळा भार टाकून ओरडली. "आत्ता नका! तो त्यांच्यापेक्षा जोरात पळतोय. ओढू दे त्याला!"

"बोट फुटेल!"

"फुटणार नाही! मी सांगते तेव्हा कापा!"

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. उभ्या आयुष्यात त्यांना बोटीवर दुसऱ्या कोणी हुकूम दिला नव्हता. त्यांनी सुरा दोरावर धरून ठेवला.

"सांग, तांडेल," ते म्हणाले.

साप वळला, बोट वळली. गुणाजीकाका एकाच वेळी गणपतीला हाक मारत होते आणि सापाला शिव्या देत होते. लाटा मागे पडायला लागल्या, सात, पाच, मग नुसती एक, सगळ्यांत धाकटी, हट्टी, हात पुढे करून. वर पाणी उजळलं. साप हुर्मुझकडे जाणाऱ्या खोल पाण्याकडे वळतोय हे इस्मतला त्याच्या पाठीच्या वळणावरून कळलं.

"आत्ता!"

दोर तुटला. बोट गोफणीतल्या दगडासारखी वर उडाली, समुद्र फोडून बाहेर आली, हवेत गेली, आणि सपकन पाण्यावर आपटली.

सूर्य नुकताच पाण्याला टेकत होता. जहाजांवर दिवे लागत होते. एका नॉर्वेजियन जहाजाच्या कठड्यावर कोणीतरी टोपी हवेत उडवली आणि सगळी ताकद लावून भोंगा वाजवला. मग दुसऱ्या जहाजाने वाजवला, का ते न कळता तिसऱ्यानेही. इस्मत हसत होती, ओरडत होती, आणि तिचे हात सुकाणूवरून सुटत नव्हते. धाकटी लाट बोटीच्या कडेला येऊन एकदा आपटली, फुरंगटली आणि मागे फिरली.

किनाऱ्यावर इफ्तारची तोफ झाली.

बोटीत खायला-प्यायला काही नव्हतं. गुणाजीकाकांनी सगळे खिसे उलटे केले, एक भिजलेली काडेपेटी निघाली. "घ्या," ते म्हणाले, आणि तिघं पोट धरधरून हसले. हसता हसता अब्बांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. तो हात त्यांनी बराच वेळ डोळ्यांवरून काढला नाही.

"नवी लाँच द्यायला कंपनी आठवडा लावेल," मग ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात.

इस्मतने पाण्याकडे बघितलं. ते पुन्हा शांत झालं होतं. खाली कुठेतरी जाळ्याला गाठी पडत होत्या, हे तिला ठाऊक होतं, आणि अब्बांनाही ठाऊक होतं. जाऊ नका, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण हा माणूस तिला घरात बसलेला हवा होता म्हणून ती त्याला आणायला गेली नव्हती.

"मग मी पण येणार," ती म्हणाली. "लाँचवर."

"इथे पोरींना परवानगी नाही."

"समुद्राखाली होती का?"

गुणाजीकाकांनी तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. अब्बांनी दाढी खाजवली, क्षितिजाकडे बघितलं, पुन्हा दाढी खाजवली.

"उद्या बघू," ते म्हणाले.

गेले तीन दिवस त्यांच्या घरात उद्याबद्दल एक अक्षर कोणी बोललं नव्हतं. इस्मतने बोटीची नाळ किनाऱ्याकडे वळवली. तिथे खजुरांखाली हफीजा गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती आणि बोटीतली डोकी मोजायचा प्रयत्न करत होती.

"डावीकडे घे जरा," अब्बा म्हणाले. "तिथे खडक आहे."

"दिसला मला," इस्मत म्हणाली, आणि तिने डावीकडे घेतलं.